दोनशे सत्याऐंशी निरोप

सोनल डबा घेऊन बंदराच्या नियंत्रण कक्षात आली तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते, आणि प्रणिता मोंडकर स्वतःच्या बापावर भयंकर चिडलेली होती.

"ताई, आदी जेवन घ्या," सोनल म्हणाली. ही प्रणिताच्या धाकट्या भावाची, गौरेशची बायको. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं. नवरा दर्यावर गेला की फोनवर बोट दिसत असूनही रोज काहीतरी निमित्त काढून ती कक्षात यायची आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्याकडे हळूच बघून घ्यायची. आजही डब्याचं झाकण उघडता उघडता तिने विचारलंच, "आमचे खंय पोचले?"

पडद्यावर साखळवेळ बंदराच्या दोनशे बारा बोटी होत्या. प्रत्येक बोटीचा एक हिरवा ठिपका. मोंडकरांची 'सातेरी कृपा' पश्चिमेला तीस मैलांवर दिसत होती. तिच्यावर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, म्हणून बाबा रघुवीर मोंडकर, बरोबर गौरेश आणि इनास नावाचा जुना खलाशी.

"ह्यो बघ हिरवो ठिपको. बरे आसत," प्रणिता म्हणाली. सोनलच्या जिवात जीव आला. भाजीत मीठ जरा कमी पडलंय, एवढं सांगून ती निघून गेली.

प्रणिता खोटं बोलली नव्हती. अगदी खरंही बोलली नव्हती. ठिपका हिरवा होता खरा, पण सकाळी नऊ चाळीसपासून त्या बोटीचा एकही निरोप आलेला नव्हता. निरोप नसतानाही ठिपका हिरवा राहू शकतो, हे अख्ख्या बंदरात फक्त दोन माणसांना ठाऊक होतं.

त्यासाठी आधी टिटवी समजून घ्यायला हवी. टिटवी म्हणजे बोटीच्या डोलकाठीवर बसवलेली नारळाएवढी डबी. दोन हजार छत्तीस सालच्या वादळात बंदरातल्या अकरा बोटी गेल्या, त्यानंतर मच्छीमार संस्थेने सगळ्या बोटींवर ती बसवली. कंपनीने तिला भलतंच लांबलचक नाव दिलं होतं. पण ती दिवसभर एकटीच ओरडत असते, कुणी ऐको न ऐको, म्हणून लोकांनी तिचं टिटवी करून टाकलं.

आपण फोन लावतो तेव्हा काय करतो? "हॅलो, ऐकू येतंय का?" तिकडून उत्तर येतं, "हो, येतंय, बोल." मग आपण बोलायला लागतो. इंटरनेटवरचे पुष्कळसे व्यवहार असेच चालतात. आधी दोघांनी जोडणी करायची, मग बोलायचं, प्रत्येक वाक्याला समोरच्याने पोच द्यायची आणि पोच आली नाही तर तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. सुरक्षित काम, पण वेळखाऊ. भर समुद्रात ही चैन परवडत नाही. डोक्यावरून धावणारे छोटे उपग्रह चार-पाच मिनिटांत क्षितिजाखाली जातात, आणि हॅलो-हॅलो करण्यातच डबीची बॅटरी संपते.

म्हणून टिटवीची तऱ्हा वेगळी. जोडणी नाही आणि पोचही नाही. दर वीस सेकंदांनी एक लहानसं पाकीट आकाशात फेकायचं, की झाली ती मोकळी. पाकिटात बोटीचा नंबर, जागा, वेळ आणि त्या निरोपाचा क्रमांक. किनाऱ्यावरचा सर्व्हर आपलं एक दार उघडं टाकून बसलेला असतो. पाकीट आलं की वाचतो, नोंदतो, पुढच्याकडे वळतो. तो कोणाशी बोलत बसत नाही आणि कोणाची वाटही बघत नाही. एखादं पाकीट वाटेत हरवलं तर हरवलं, वीस सेकंदांत दुसरं येणारच असतं. ना टिटवीला कळत आपलं ऐकलं की नाही, ना सर्व्हरला कळत कोणी बोललं होतं की नाही.

यातली एक गोम मात्र सांभाळावी लागते. पाकिटं वेगवेगळ्या उपग्रहांवरून येतात, त्यामुळे आधीचं मागाहून पोचतं, मागचं आधी. जुन्या पाकिटावर विश्वास ठेवला तर ठिपका पडद्यावर उलटा धावायला लागेल. म्हणून प्रणिताने सर्व्हरला साधा नियम लिहून दिला होता. शेवटचा क्रमांक चार हजार पाचशे आला असेल आणि आता चार हजार चारशे अठ्ठ्याण्णव आला, तर पाकीट न उघडताच रद्दीत टाक. रद्दी चोवीस तासांनी आपोआप पुसली जायची. बॅटरी काढली तर टिटवी पुन्हा एकपासून मोजायला लागते, हे तिला माहीत होतं. पण झाकणाला चार स्क्रू, बॅटरी बदलायची ती संस्थेच्या कार्यालयातच, आणि तेव्हा ती स्वतः सर्व्हरवरचा आकडा शून्यावर आणायची. दुसऱ्या कोणी झाकण उघडण्याचा प्रश्नच नव्हता.

यंत्र झकास होतं. वाट लावली ती माशांनी.

ठिपक्यांचा हा नकाशा सगळ्यांच्या फोनवर होता. घरच्यांना धीर यावा म्हणून तो खुला ठेवलेला. पण एखाद्या तांडेलाचा ठिपका एका जागी थबकला की तासाभरात आणखी सात ठिपके तिथे हजर! किनाऱ्यावरच्या डोंगरांच्या खुणा जुळवून आजोबा-पणजोबांनी शोधलेल्या जागा चार दिवसांत चव्हाट्यावर आल्या. तेव्हा रघुवीर तांडेलाने डोकं चालवलं. मासा लागला की टिटवीवर ॲल्युमिनियमचा मोठा टोप पालथा घालायचा. आत ओरडेना का बापडी! महिन्याभरात अख्ख्या बंदराने ही विद्या उचलली आणि बाजारातल्या भांडीवाल्याकडे मोठे टोप मिळेनासे झाले.

पहिल्याच हंगामात सर्व्हरने अडतीस वेळा बोंब ठोकली. गस्तीची नौका दोन-दोन तास धावत जायची आणि बघते तर तांडेल जाळं ओढत दात काढतोय. शेवटी गस्तीच्या साहेबांनी हात वर केले, की तुमच्या सर्व्हरच्या शब्दावर आता आम्ही निघणार नाही. संस्थेचे चेअरमन केळुसकर प्रणिताकडे आले. "काय तरी कर गो बाय. अब्रू गेली."

मग तिने सर्व्हरला प्रत्येक बोटीची सवय शिकवली. जी बोट जितका वेळ गप्प राहते, तितका वेळ तिची काळजी करायची नाही. अंदाजाने ठिपका पुढे सरकवत राहायचं. आधी तिने अशा ठिपक्यांना राखाडी रंग दिला होता, तर पहिल्याच दिवशी बायकांचे दोनशे फोन आले. "हिरवोच ठेव," चेअरमन म्हणाले. "फुकट घाबरतत." प्रणिताला ते पटलं नव्हतं, तरी तिने ठेवला. बोंबा बंद झाल्या, सगळे खूश. सर्वांत जास्त वेळ गप्प राहण्याची सवय अर्थातच रघुवीर मोंडकरांची निघाली. पाच तास.

तेव्हापासून तिची झोप उडाली होती. काल रविवारी जेवताना तिने विषय काढला.

"बाबा, तुमी टोप घालूचो बंद करा."

"आणि इसवणासारखो मासो काय त्या कुबलाच्या जाळ्यात सोडू?"

"तुमी गप झालास की पाच तास माका कायच कळणा नाय. माज्या जिवाक घोर लागता ओ."

"चाळीस वर्सां दर्यावर आसय. तवा खंय होती तुजी टिटवी?"

प्रणिताला रडू फुटलं. एकतीस वर्षांची बाई, संस्थेची इंजिनिअर, आणि ताटावर बसून मुसमुसायला लागली. तिची आई गेल्यापासून बाबांना लेकीचं रडणं सोसत नसे. ते ताट सारून उठले, देवीच्या तसबिरीसमोर गेले आणि म्हणाले, "सातेरीची शपथ. टिटवेर टोप घालूचंय नाय. झाला समाधान? आता जेव." गौरेश तोंड लपवून हसला. प्रणिता मात्र त्या रात्री कित्येक महिन्यांनी गाढ झोपली.

आणि आज सोमवार, सकाळी नऊ चाळीस. टिटवी गप्प.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शपथ घेऊन चोवीस तास नाही झाले! देवीसमोर घेतलेली शपथ, तीही माशापायी! येऊ देत संध्याकाळी, तोंड वर करून बघायची सोय ठेवायची नाही, असं तिने ठरवून टाकलं. सोनलला हिरवा ठिपका दाखवताना तिच्या मनात काळजी नावाला नव्हती. होता तो नुसता राग. तिने डबा खाल्ला, दोन बोटींचे दुरुस्तीचे अर्ज हातावेगळे केले आणि 'सातेरी कृपा'कडे मुद्दाम पाठ करून बसली.

दोन वाजल्यानंतर राग हळूहळू उतरायला लागला. दोन चाळीसला पाच तास भरले. ठिपका पिवळा झाला.

प्रणिताने सर्व्हरवरून बोटीकडे निरोप फेकला. पडद्यावर उमटलं, 'पाठवला'. या शब्दाला काडीची किंमत नाही हे तिच्याइतकं कोणाला कळणार? पाठवला म्हणजे इथून निघाला, इतकंच. तिने एकामागून एक सात निरोप फेकले, वायरलेसवरही हाका मारल्या. तिकडून काहीच नाही.

तेव्हा तिचं लक्ष कोपऱ्यातल्या एका लहानशा आकड्याकडे गेलं. रद्दीतल्या पाकिटांचा आकडा. एरवी दिवसाला वीस, फार तर तीस. आज तो तीनशे नऊ होता.

चार वर्षांत तिने रद्दी दोनदा उघडली असेल. आज उघडली. वरची बावीस पाकिटं इकडची तिकडची, नेहमीची. खालची सगळी 'सातेरी कृपा'ची. क्रमांक एक, दोन, तीन, पाच, सहा. पहिलं आलेलं बारा वीसला. प्रत्येकावर संकटाची खूण, म्हणजे टिटवीवरचं लाल बटण दाबलेलं. शेवटच्याचा क्रमांक तीनशे तीस, वेळ दोन दहा.

म्हणजे टिटवी एकपासून मोजत होती. म्हणजे बॅटरी काढलेली होती.

प्रणिताला एका क्षणात सगळं कळलं. बाबांनी शपथ मोडली नव्हती. टोप घातलाच नव्हता. देवीला दिलेला शब्द तंतोतंत पाळून त्यांनी झाकणाचे स्क्रू काढले होते आणि बॅटरी खिशात टाकली होती. मग बोटीवर काहीतरी घडलं, ती घाईघाईने परत बसवली, लाल बटण दाबलं आणि टिटवी जीव तोडून ओरडायला लागली. सर्व्हरने प्रत्येक पाकिटाचा आकडा बघितला, सकाळच्यापेक्षा लहान दिसला म्हणून न उघडता रद्दीत टाकलं. सोनल डब्याचं झाकण उघडत होती तेव्हासुद्धा टाकतच होता.

दोन शेचाळीसला तिने गस्तीच्या साहेबांना फोन लावला. आवाज असा फाटला होता की साहेबांनी एकही उलटा प्रश्न विचारला नाही. शेवटची जागा, वाऱ्याची दिशा, प्रवाहाचा अंदाज, सगळं तिने धडाधड सांगितलं. नौका सुटली.

चार पन्नासला त्यांना गौरेश आणि इनास सापडले, रिकाम्या कॅनांना धरून तरंगत असलेले. बोट बुडाली होती. रघुवीर मोंडकर नव्हते. अंधार पडेपर्यंत शोधलं, पहाटे पुन्हा शोधलं. नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता प्रणिता सरकारी दवाखान्यात पोचली. रडून तिचे डोळे सुजले होते. व्हरांड्यात बंदरातल्या वीस-पंचवीस बायका बसलेल्या. त्यांची माणसं अजून दर्यावर होती, काही रघुवीर तांडेलाच्या शोधात, काही तीन दिवसांपासून लांब गेलेली. जिन्याच्या आडोशाला केळुसकर चेअरमन तिची वाट बघत होते. रद्दीचं तिने त्यांना रात्री फोनवर सांगितलं होतं.

"ती रद्दी आपसूक पुसता मां?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"आज बारा वीसपासून पुसूक लागतली."

"मग पुसांदे. निरोप वाटेत हरावतत, ह्या पोरासोरांका म्हायत आसा. तुया काय खोटा बोलूक नको. फक्त गप रव."

"काका, माजो बापूस गेलो."

"तो माजोय दोस्त होतो गो." चेअरमनांचे डोळे भरून आले, आणि ते काही नाटक नव्हतं. "पण हिरवो ठिपको अंदाजान दाखवतो, ह्या कळला तर लोक टिटवे काढून दर्यात फेकतले. उद्या परत वादळ इला तर? दोनशे घरां आसत, प्रणिता. त्येंचो विचार कर."

तिने खरोखरच केला. चेअरमन अगदी चुकीचं बोलत होते असं तिला म्हणवेना. आणि मोहही झाला, का होऊ नये? काही करायचं नव्हतं. खोटं लिहायचं नव्हतं, काही लपवायचं नव्हतं. दुपारी दोन दहापर्यंत नुसतं गप्प बसलं की ती पाकिटं कधी आली होती याचा मागमूस उरणार नव्हता. बिनजोडणीच्या बोलण्यात कोणाला जाब विचारायचा? निघालं होतं, पोचलं नाही, संपलं.

गौरेशच्या हाताला सलाईन लावलेलं होतं. ओठ मिठाने फाटलेले. प्रणिता खाटेवर बसली आणि तिने त्याचा हात हातात घेतला. सोनल पाणी आणायला गेली होती.

"बाराच्या सुमाराक खालसून काय तरी आपाटला," तो पुटपुटला. "ओंडको असतलो, नायतर खयच्या जहाजाचा खोका. इंजिनघरात पाणी भरला आणि वायरलेस बंद पडलो. बाबांनी धावत जावन बॅटरी घातल्यानी, तांबडो बटन दाबल्यानी. टिटवेचो दिवो पेटत होतो गो ताये. दर टायमाक. निरोप गेलो की पेटता मां तो? बोट बुडासर पेटत होतो."

प्रणिताने मान हलवली.

"बाबा आमका धीर देत होते. 'प्रणू बसली हा थंय. दोन तासात बोट येतली.' पाण्यात पडल्यावर पण ताच. 'प्रणू ऐकता. हात सोडू नको.'" गौरेशने डोळे मिटले. "साडेतीनपर्यंत बोलत होते. मगे दोनच कॅन रवले, आपलो त्येंनी इनासाक दिल्यानी."

साडेतीन. प्रणिताने मनातल्या मनात हिशोब केला, आणि करू नये असं वाटत असतानाही तो पुरा केला. बारा वीसला ऐकलं असतं तर नौका अडीचच्या आत तिथे असती.

गौरेशने डोळे उघडले. तिच्याकडे बघणं त्याला जड जात होतं, पण त्याने बघितलं. "पोचलेच नसतले मां गो निरोप? वाटेतच हरावले असतले. तुजा त्यात काय चुकला?"

तो विचारत नव्हता, तिला वाट करून देत होता. लहानपणापासून ती ज्याला सांभाळत आली होती, तो आता तिला सांभाळत होता. तिने नुसती मान खाली घातली असती तरी त्याचं समाधान झालं असतं.

"त्रेचाळीस हरावले," प्रणिता म्हणाली. "दोनशे सत्याऐंशी पोचले, गौऱ्या. पयल्यापासून पोचत होते. बॅटरी काढल्यामुळे आकडे एकापासून सुरू झाले, आणि असले आकडे बघूचेच नाय, असा माज्या हातान मी लिवलेला. तुमी ओरडत होतास ता सगळा पोचला. मी टाकून दिलंय."

बाहेर कुणाचा तरी फोन वाजला आणि बंद झाला.

"बाबांका वाटला, मी टोपाबद्दल रडतंय," ती म्हणाली. "आणि माका वाटला, त्येंनी शपथ मोडली. रागान मी बघितलंयच नाय रे. पावणेतीन वाजासर बघितलंय नाय."

गौरेशने हळूहळू, सुई हलू न देता, तिच्या हातातून आपला हात काढून घेतला. तो छताकडे बघायला लागला.

"भायर सगळी जमली हत," तो म्हणाला. "जा. सगळ्यांका सांग. आणि मगे थोडे दिस माज्या समोर येव नको."

प्रणिता उठली. दारात सोनल पाण्याची बाटली धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती बाजूला झाली नाही, प्रणितालाच अंग चोरून पुढे जावं लागलं.

व्हरांड्यातल्या बायका तिला बघून उठल्या. जिन्यापाशी चेअरमन मान हलवत होते, नको, नको म्हणून. सर्वांत पुढे असलेल्या बाईने, जिचा नवरा आणि दीर दोघेही लांब गेले होते, प्रणितापुढे फोन धरला आणि घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, "बाय, आमचो हिरवोच आसा मां? म्हणजे बरे आसत मां ते?"

"ह्यो ठिपको माज्या अंदाजाचो आसा," प्रणिता म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "तुमची माणसां खंय आसत, बरी आसत काय नाय, ता माका म्हायत नाय."